फुटलेला तारा आणि आत्याबाईंचा हंडा

१९८७च्या फेब्रुवारीअखेरीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, सिमेंटच्या जाहिरातीखाली, एक लहानशी बातमी आली होती. दक्षिणेकडच्या आकाशात एक प्रचंड तारा फुटला आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो आहे. पुढच्याच ओळीत, आपल्याकडून मात्र तो दिसणार नाही, असंही म्हटलं होतं. मी तेव्हा नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. मला इतका आनंद झाला, की मी ती बातमी चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवली. नवरा म्हणाला, "कुणाचं काही नुकसान वगैरे?" सासूबाई म्हणाल्या, "ते राहू दे. मुहूर्त वैशाखातला निघालाय."

मुहूर्त माझ्या नणंदेच्या लग्नाचा होता. मुलगा नामपूरचा, तिथल्याच शाळेत शिक्षक, घरी कांद्याची शेती. माणसं साधी होती. त्यांनी काहीही मागितलं नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे फारच गडबड उडाली. मागितलं असतं तर निदान कुठे थांबायचं ते तरी कळलं असतं.

लग्न ठरलं की आमच्या घरात पहिली स्वारी माळ्यावर होई. जुनी तांब्यापितळेची भांडी खाली यायची, त्यांची मोड द्यायची आणि वर मजुरी घालून मुलीसाठी नवी भांडी घ्यायची, ही रीत. सासूबाईंचं घंगाळ त्यांच्या आजेसासूबाईंच्या परातीतून आलेलं होतं म्हणे, आणि त्या परातीच्या आधी एक बंब होता. राजेरजवाड्यांच्या वंशावळी मी फारशा मनावर घेत नाही, पण ही मला आवडायची. हिच्यात निदान प्रत्येक पिढीने पाणी तरी तापवलेलं होतं, नाहीतर पीठ तरी मळलेलं होतं.

पण आम्ही जुनं नाशिक सोडून नव्या कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा गिझर आला, स्टील आलं, आणि माळा निम्मा रिकामा झाला. दोन तांबे, एक फुटकी कळशी आणि एक घंगाळ, एवढंच हाती लागलं. एवढ्या मोडीत मोठा हंडा होत नव्हता. आणि मोठ्या हंड्याशिवाय रुखवत सासूबाईंना कल्पनेतसुद्धा दिसत नव्हतं. मण्यांचा ताजमहाल, कापसाचे बगळे, साखरेचं तुळशीवृंदावन, हे सगळं शेजारच्या बायका करून देणार होत्या. पण मधोमध उभं राहायला काहीतरी भारदस्त हवं होतं, आणि ते घरात एकच होतं. आत्याबाईंचा हंडा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि मग इथेच राहिल्या. येताना बरोबर एक ट्रंक आणि हा हंडा. हंडा त्यांच्या वडिलांनी नातवाच्या बारशाला दिलेला. त्याच्या गळ्याखाली, ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून, बाळाचं नाव घातलेलं होतं, आणि पुढे 'यास आजोबांकडून' असं. बाळ दीड वर्षाचं होऊन तापात गेलं. त्याचा फोटो नव्हता. त्या काळी इतक्या लहान मुलाचा फोटो काढायला कुणी थांबत नसे. त्याचं नाव जगात आणखी कुठे लिहिलेलं असेल, असं मला वाटत नाही. मीही ते इथे लिहीत नाही.

हंडा स्वयंपाकघरात ओट्याशेजारी असायचा आणि पिण्याचं पाणी त्यातलंच. स्टीलचं पिंप मिळत असताना हे कशाला, असं विचारायची आमची कुणाची टाप नव्हती. दर सकाळी आत्याबाई तो चिंच आणि राखेने घासायच्या. मी लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळा हंडा त्या जोर लावून घासायच्या, पण नावाच्या जागी आल्या की हात हलका व्हायचा. तेवढ्या भागावरून चिंच नुसती फिरवून घ्यायच्या. त्यामुळे सगळा हंडा लखलखीत आणि तेवढा एक पट्टा जरा काळपट, असं त्याचं रूप होतं. घासला तर ठिपके झिजतात, हे उघड होतं. त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

इथे मला आत्याबाईंविषयी आणखी एक सांगायला हवं. मला कॉलेजात नोकरी मिळाली तेव्हा माझी मुलगी सहा महिन्यांची होती. घरात त्यावर बरीच चर्चा झाली. चर्चेत सगळ्यांनी स्त्रीशिक्षणाबद्दल फार चांगले विचार मांडले आणि नोकरी मात्र पुढच्या वर्षी बघू, असं ठरत आलं. आत्याबाई आतून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "जा तू. पोरीला मी बघते." चर्चा तिथे संपली. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया तेवढ्या एका वाक्यावर आहे. त्याच्याइतकं उपयोगी वाक्य मला नंतर कुठल्या ग्रंथात सापडलं नाही, आणि मी ग्रंथ बरेच वाचले.

तर, सासूबाईंनी विषय काढला. "वन्सं, तुमचा हंडा मोडीत दिलात तर तिला मोठा हंडा होतो. नाहीतर कळशीवर भागवावं लागेल."

आत्याबाई भाजी निवडत होत्या. निवडत राहिल्या.

"तुमचाच हंडा नवा होऊन तिच्याकडे जाईल की," सासूबाई म्हणाल्या. "परका थोडाच होणार आहे?"

"तेच तांबं जाईल?"

"तर! दुसरं कुठलं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग गं. तू हेच शिकवतेस ना?"

मी शिकवत होते ते हे नव्हे, पण अगदी वेगळंही नव्हतं. मी म्हटलं, "दुकानातच जाऊन विचारू या. म्हणजे खात्री होईल."

त्यावर त्यांनी अट घातली. तेच तांबं नव्या हंड्यात येणार असेल, तर देते. नाव गेलं तरी चालेल. तांबं तेच हवं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी हंडा घेऊन तांबट लेनमध्ये गेलो. त्या गल्लीत बोलायचं तर ठोक्यांच्या मधल्या फटीत बोलावं लागतं. दुकानदार माहितीचा होता. आमची अट ऐकून त्याने छातीवर हात ठेवला. "आई, तुमचंच तांबं, तुमचाच हंडा! दुसऱ्याचं तांबं तुमच्या पदरात घालीन का मी? तीन पिढ्यांचं दुकान आहे."

इतकी जलद आणि इतकी पूर्ण खात्री कुणी दिली, की मला शंका येते. पण मला काही विचारावं लागलं नाही. दुकानाच्या बाजूला बोळात एक माणूस घणाने जुनी भांडी चेपत होता. घागरी, कळशा, बंब, सगळ्यांचे सपाट पापड करून हातगाडीवर रचत होता, म्हणजे गाडीत जास्त माल मावतो. आत्याबाई तिकडे गेल्या.

"ही कुणाची भांडी?"

"सगळ्यांचीच की, आजी. भट्टीला चाललीत."

"मग ज्याचं त्याला परत कसं मिळतं?"

तो हसला. वाईट हसला नाही, कामात असलेला माणूस हसतो तसा. "ज्याचं त्याला? तिकडून तयार पत्रा येतो, आजी. भट्टीत नाव कुठं ऱ्हातं?"

दुकानदार तेवढ्यात बाहेर आला आणि "तो नवीन आहे, त्याला काय माहीत" असं काहीतरी म्हणाला. पण आत्याबाईंनी हंडा उचलला होता. रिक्षात त्यांनी तो मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत एक हात नावावर होता.

मी शेजारी बसून एकच विचार करत होते. कॉलेजात मी दरवर्षी फळ्यावर जे लिहीत होते, ते या बोळात घण घेऊन उभं होतं. मोठे तारे हेच करतात. जन्मभर पोटात धातू घडवतात, शेवटी फुटतात, आणि सगळा माल आकाशगंगेत विखुरला जातो. आधी फुटलेल्या दुसऱ्या ताऱ्यांचा माल तिथे पडलेलाच असतो. सगळं एकमेकांत मिसळतं, त्यातून नवे तारे होतात, आणि कुणाचं काय हे कुणालाच सांगता येत नाही. मला हे फार सुंदर वाटायचं. रिक्षात, त्या हाताकडे बघताना, तितकं सुंदर वाटेना.

घरी शीतयुद्ध सुरू झालं. सासूबाई कुणाचंही नाव न घेता बोलायच्या. "राहू दे. रुखवतात प्लास्टिकची बादली ठेवू. हल्ली रंग छान मिळतात." नणंद बिचारी म्हणाली, "आत्या, मला हंडा नकोच. कळशी पुरे." ते आत्याबाईंना सासूबाईंच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं. या मुलीलाही त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिची वेणीफणी, तिचे गोवर-कांजिण्या, शाळेतली भांडणं, सगळं. तिला कळशी देऊन सासरी पाठवायचं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि हंडा दिला तर त्या बाळाचं उरलेलं एकुलतं एक काहीतरी हातगाडीवर सपाट होऊन जाणार होतं. दोन्हीकडे लेकरूच होतं.

याच सुमारास एका सांस्कृतिक मंडळाचे चिटणीस घरी आले. उन्हाळ्यात गोदाकाठी त्यांची व्याख्यानं होत. त्यांना 'चालू विषय' हवा होता. "तो तारा फुटला ना मॅडम, त्यावर बोला. सोपं. आणि थोडं प्रेरणादायी."

मी हो म्हटलं. ताऱ्यावर बोलायला मला फुटकळ निमित्तही पुरत असे.

व्याख्यानाच्या संध्याकाळी काठावर बऱ्यापैकी गर्दी होती. ती विज्ञानाच्या ओढीने आली होती, असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत नाशिकमध्ये संध्याकाळी वारा फक्त नदीवरच असे. पहिल्या रांगेत आमच्या घरची सगळी मंडळी होती, आत्याबाईसुद्धा. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर.

आधी दीपप्रज्वलन होतं. वाऱ्यामुळे समई पेटेना. अध्यक्ष, एका सहकारी संस्थेचे प्रमुख, काड्या ओढत राहिले, चिटणीस दोन्ही हातांचा आडोसा करून वाकून उभे राहिले, आणि शेवटी समई पेटली असं सर्वानुमते मानण्यात आलं. मग स्वागतगीत. मग अध्यक्षांचा सत्कार, उपाध्यक्षांचा सत्कार, मंडप घालणाऱ्याचा सत्कार. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ. मे महिन्यात माणसाला शाल पांघरण्यामागचा विचार मला अजून समजलेला नाही. माझी ओळख करून देताना माझ्या नवऱ्याची, सासऱ्यांची आणि सातपूरच्या कारखान्यातल्या नवऱ्याच्या हुद्द्याची सविस्तर माहिती देण्यात आली. मी काय शिकवते ते वेळेअभावी राहिलं. मग अध्यक्ष बोलले. त्यांनी हात उंचावून सांगितलं, "आज जो तारा आपल्या डोक्यावर तळपतो आहे, त्याच्याविषयी आपण ऐकणार आहोत." सगळ्या सभेने वर पाहिलं.

त्यामुळे मला सुरुवातच अशी करावी लागली, की तो तारा आपल्या डोक्यावर नाही, नाशिकच्या क्षितिजावर तो डोकंही वर काढत नाही, आणि तो फुटला त्याला दीड लाखाहून जास्त वर्षं झाली, उजेड आत्ता पोचला. मागच्या काही लोकांनी चपला घातल्या. चिटणीसांनी मला घड्याळ दाखवलं. मी आठवडाभर तयार केलेलं भाषण पर्समध्येच ठेवलं आणि जे थोडक्यात सांगता येईल ते सांगायला लागले.

मी म्हटलं, सूर्यापेक्षा कितीतरी पट जड असा तारा मरायला येतो, तेव्हा आतून तो कांद्यासारखा असतो. लोक हसले. मी म्हटलं, खरंच. थरावर थर. बाहेरच्या थरात हायड्रोजन, त्याच्या आत हेलियम, मग कार्बन, मग ऑक्सिजन, सिलिकॉन, आणि अगदी गाभ्यात लोखंड.

मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, त्याला भाव काय मिळतो?"

"फुटल्याशिवाय काहीच नाही," मी म्हटलं.

हशा झाला, आणि चपला घातलेले काही परत बसले. कांदा म्हटल्यावर आमच्याकडे माणूस ऐकतो.

मग मी सांगितलं, की हलकी मूलद्रव्यं जुळून जड होतात तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि तिच्या जोरावर तारा स्वतःचं वजन पेलून धरतो. पण लोखंडापाशी हे थांबतं. लोखंडातून आणखी उष्णता मिळत नाही. गाभ्यात लोखंड साठत जातं, आणि एका क्षणी गाभा स्वतःच्याच वजनाखाली आत कोसळतो. त्या दणक्याने बाहेरचे थर उधळले जातात. तांब्यासारखे लोखंडाहून जड धातूही अशाच भारी ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या फुटण्यात घडतात. सुरुवातीला विश्वात हायड्रोजन आणि हेलियम यांखेरीज जवळपास काही नव्हतं. तेव्हा भांडं नव्हतं, दगड नव्हता, रक्त नव्हतं. एकेक पिढी तारे फुटत गेले, आणि प्रत्येक पिढीने आकाशगंगेत आपल्या मोडीची भर टाकली. आपण फार पुढच्या पिढीत आलो, म्हणून आपल्याला एवढं सगळं तयार मिळालं.

माझी वेळ संपली होती. शेवटी मी एवढंच म्हटलं, की घरी गेल्यावर तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्याल, तेव्हा त्यातला हायड्रोजन विश्वाच्या आरंभीचा आहे, ऑक्सिजन कुठल्या तरी मोठ्या ताऱ्यांच्या पोटातला आहे, आणि भांडंही त्यांचंच आहे. तुमचं त्यात काही असलंच, तर तहान.

टाळ्या बेताच्या पडल्या. आभारप्रदर्शन माझ्या भाषणापेक्षा लांबलं. समईचेही आभार मानले असते, पण ती विझली होती. मला शाल मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर आत्याबाई मोरीत हंडा घेऊन बसल्या होत्या. चिंच लावली होती, पण हात चालत नव्हता.

"काल ऐकू आलं का नीट?" मी विचारलं. "माईक घरघरत होता."

"अर्धं आलं." त्यांनी चिंच खाली ठेवली. "तो तारा फुटतो ना, त्याचं मग ज्याचं त्याला मिळतं का?"

मी दाराच्या चौकटीला टेकले. खोटं सांगायची ही चांगली संधी होती. सासूबाईंनी सांगितलं असतं, दुकानदाराने तर सांगितलंच होतं. पण या बाईने मला वर्गात उभं राहता यावं म्हणून इतकी वर्षं माझं मूल सांभाळलं होतं. वर्गात जे सांगत होते तेच त्यांना सांगणं, एवढं तरी मी देणं लागत होते.

"नाही, आत्याबाई. सगळं मिसळतं."

"भट्टीसारखं."

"भट्टीसारखंच."

"मग कुणाला जातं?"

"पुढे जो होईल त्याला."

त्यांनी हंडा थोडा फिरवला. नाव त्यांच्या समोर आलं.

"म्हणजे हा दिला, तर एका हंड्यात नाही जायचा."

"नाही. थोडा या हंड्यात, थोडा त्या. कुणाच्या परातीत, कुणाच्या तांब्यात."

"पुष्कळ घरांत?"

"पुष्कळ."

"त्यांना माहीत नसेल."

"नाही."

"आणि लेकरं असतील, त्या घरांत."

मी मान हलवली.

नळ ठिबकत होता. आत्याबाईंनी म्हटलं, मला नाही, हंड्याला म्हटल्यासारखं, "इथं कोपऱ्यात बसून तरी काय करत होता." आणि चिंचेचा गोळा घेऊन त्या घासायला लागल्या. तळापासून सुरुवात केली, पोट घासलं, गळ्याशी आल्या. या वेळी हात हलका झाला नाही. नावाच्या जागीही त्यांनी बाकीच्या हंड्याइतकाच जोर लावला. इतक्या वर्षांचा तो काळपट पट्टा निघाला, आणि धुऊन पालथा घातला तेव्हा सगळा हंडा एकसारखा झळकत होता. ठिपके अजून होते. पुसट, पण होते.

त्यांनी तो भरला आणि सगळ्यांना हाक मारली. "पाणी प्या." सासूबाईंनाही भांडं भरून दिलं. सासूबाईंनी एकदा हंड्याकडे पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे, आणि काहीतरी बोलायचं टाळलं, जे त्यांना सोपं नव्हतं. "वन्सं," एवढंच म्हणाल्या, आणि सगळं पाणी प्यायल्या. माझ्या मुलीने दोनदा मागितलं. तिला दोनदा मिळालं.

तांबट लेनमध्ये आम्ही पुन्हा दोघीच गेलो. दुकानदाराने आम्हाला पाहताच छातीवर हात नेला. "आई, मी म्हटलं होतं ना? तुमचंच तांबं..."

"खोटं बोलू नका," आत्याबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं असू दे. पण पत्रा जाड द्या."

त्याने हात खाली घेतला. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याला असं गिऱ्हाईक भेटलं नसावं. त्याने वजन केलं, आमचा हंडा बोळात पाठवला आणि मग खरोखरच जाड पत्र्याचा, नुकताच ठोकून झालेला हंडा आतून आणला. आत्याबाईंनी तो बोटाने वाजवून पाहिला, तळ चाचपला, काठ चाचपला, उचलून पाहिला, आणि दुसरा मागितला. तिसरा पसंत पडला. बोळातल्या माणसाचा घण तेवढ्यात सुरू झाला. त्या तिकडे वळल्या नाहीत. मी एकदा वळले. एकीनं तरी पाहायला हवं, असं मला वाटलं. पाहिलं. दोन-तीन ठोक्यांत काम झालं.

दुकानदाराने नाव घालायचा पोगर हातात घेतला. "बोला आई. मुलीचं नाव, आणि खाली 'आत्याकडून' घालू?"

"काही घालू नका."

"रिकामा? रुखवतात लोक नाव वाचतात."

"वाचू दे दुसऱ्यांची," आत्याबाई म्हणाल्या. "नाव असलं की पुढच्या वेळी मोडताना हात थांबतो."

हंडा रुखवतात मधोमध उभा राहिला. मण्यांच्या ताजमहालाजवळ गर्दी जास्त होती, पण ते अपेक्षितच होतं. नाव का नाही, असं दोन-चार बायकांनी विचारलं. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, "आमच्याकडे घालत नाहीत," इतक्या ठामपणे, की जणू ती शंभर वर्षांची रीत होती. मग ती खरंच रीत झाली. माझ्या मुलीच्या हंड्यावरही पुढे नाव घातलं नाही.

पुढच्या वर्षी मी एसटीने नामपूरला गेले. कांद्याच्या गाड्यांमागे बस रांगत होती, अंगावर सगळी धूळ. नणंदेच्या सासूबाईंनी दारातच लोटीभर पाणी दिलं. "ल्या, पी ल्या. पानी गोड शे." चुलीशेजारी हंडा होता, रोज घासलेला, गळ्यापाशीही तितकाच लख्ख. मी पाणी प्यायले. मला आकाशातल्या त्या सगळ्या फुटलेल्या ताऱ्यांचे आभार मानायचे होते, पण ते कुणाचे आणि कुठे मानायचे हे शास्त्रात सांगितलेलं नाही. म्हणून परत आल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं, की पाणी गोड आहे.

"पत्रा जाड आहे ना," त्या म्हणाल्या.

आमच्या ओट्याशेजारी तोवर स्टीलचं पिंप आलं होतं. त्यातल्या पाण्याला चव नाही, असं आत्याबाई रोज सकाळी म्हणायच्या, आणि आम्ही सगळे, सासूबाईंसकट, रोज सकाळी मान डोलवायचो.